तीन लहरी, एक ठोका

‘मायक्रोटॉनिक’ या सॉफ्टवेअर ड्रमयंत्राच्या पडद्यावर डाव्या हाताला तीन चिमुकली चित्रं आहेत. एक गोलसर नागमोडी रेघ, एक टोकदार डोंगर, एक करवतीचा दात. साइन, त्रिकोण आणि सॉ. ऑसिलेटरच्या लहरीबाबत या वाद्यानं दिलेली निवड एवढीच. हल्लीच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरांत लहरींची कोठारं भरलेली असतात. लहर माउसनं हवी तशी काढता येते, एकीतून दुसरीत सरकवत नेता येते. त्या थाटापुढं ही तीन चित्रं अगदीच गरिबाघरची वाटतात. पण मला या वाद्याचं कौतुक वाटतं ते याच गरिबीपायी. स्वर धरून ठेवणाऱ्या वाद्यात लहरीचं एक आवर्तन शेकडो वेळा जसंच्या तसं ऐकू येतं, म्हणून त्या एका आवर्तनाची नक्षी महत्त्वाची. ड्रममध्ये तेवढी सवडच नसते. तिथं आकार द्यायचा तो आख्ख्या ठोक्याला. हे वाद्य घडवणाऱ्या लिडस्ट्रॉम यांनी नेमकं हे ओळखलं, आणि लहरीवरचा खर्च वाचवून तो वेळेवर केला.

मॅग्नस लिडस्ट्रॉम हे स्वीडनचे. ‘रीझन’ हे संगीताचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यातला त्यांचा ‘मालस्ट्रॉम’ सिंथ माहीत असेल, ‘सिनप्लांट’ही त्यांचाच. ‘सोनिक चार्ज’ या त्यांच्या कंपनीनं मायक्रोटॉनिक २००३ साली आणलं. आठ ड्रम, आणि प्रत्येक ड्रमला एक ऑसिलेटर, एक नॉइज जनरेटर, त्या दोघांचं प्रमाण ठरवणारी पट्टी, थोडं डिस्टॉर्शन, एक ईक्यू. संपलं. ध्वनिमुद्रित केलेला खरा ड्रम आत कुठंही दडवलेला नाही. प्रत्येक ठोका त्या क्षणी गणित करून घडवला जातो. जतन केलेला पॅच साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला तर सगळा ड्रम वाचता येतो: लहर साइन, वारंवारता इतके हर्ट्झ, डिके, म्हणजे विरायचा वेळ, इतके मिलिसेकंद, स्वराचा झोल इतके सेमिटोन. २०१७ साली टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीनं सोनिक चार्जबरोबर ‘पीओ-३२ टॉनिक’ हा खिशात मावणारा ड्रमयंत्राचा अवतार काढला, तेव्हा याच गोष्टीचा गमतीदार उपयोग झाला. कंप्युटरच्या स्पीकरमधून जुन्या मोडेमसारखा करकराट ऐकवायचा, छोट्या यंत्राच्या माइकनं तो ऐकायचा, की झाले ड्रम पोहोचते. ड्रम म्हणजे मूठभर आकडे असतील तरच हे जमतं. सॅम्पलचं ओझं असं हवेतून पाठवायला बसलं तर सकाळ व्हायची.

आता पहिल्या चित्रावर, म्हणजे साइनवर, थांबू. साइन ही सगळ्यात बोडकी लहर. तिच्यात एकच वारंवारता, वरचे स्वरांश शून्य. पन्नास हर्ट्झची साइन लावून ती तीनशे मिलिसेकंदांत विरू दिली, तर जे ऐकू येतं त्याला किक म्हणायला जीभ धजत नाही. उशीखाली काहीतरी पडल्यासारखा एक मऊ दणका. मग पिच मॉड्युलेशन ‘डिके’वर ठेवायचं, मात्रा छत्तीस सेमिटोन, म्हणजे तीन सप्तकं, आणि उतार अगदी झटपट. स्वर चारशे हर्ट्झवर जन्माला येतो आणि पन्नासवर येऊन स्थिरावतो. उशी फाटते आणि आतून लाकडी, घट्ट, छातीवर बसणारा ठोका बाहेर येतो. लहर तीच आहे, साइनच. चित्राला हातही लावलेला नाही.

हे घडतं कसं, ते ठोका मोठा करून पाहिला की कळतं. उतार घातांकी धरू आणि त्याचा कालांक दहा मिलिसेकंद. पहिलं आवर्तन साधारण साडेतीन मिलिसेकंदांत आटोपतं. दुसऱ्याला साडेसहा लागतात. तिसरं साडेबाराच्या पुढं जातं, चौथं सतराच्या आसपास, आणि मग वीस-वीसची संथ चाल सुरू होते. पडद्यावर डावीकडं दाट दुमडलेल्या आणि उजवीकडं सैलावत गेलेल्या निऱ्या दिसतात. स्वर तीन सप्तकं खाली घसरला, पण कानाला घसरण म्हणून ऐकू आलीच नाही, कारण घसरणीच्या काळात लहरीची जेमतेम तीन आवर्तनं झाली. तीन आवर्तनांत कान स्वर मोजत नाही. तो त्या तीन वेगवेगळ्या लांबीच्या वळशांना मिळून एकच वस्तू समजतो आणि तिला ‘आघात’ म्हणतो. कालांक दहाचा शंभर करा, तोच झोल लगेच स्वतंत्रपणे ऐकू येतो: ‘ढ्यूंऽऽ’. १९८१च्या सिमन्स इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या षटकोनी पॅडांची आठवण करून देणारा, आज ऐकताना थोडा हसू आणणारा आवाज. दहा आणि शंभर यांच्या मधे कुठंतरी एक सीमा आहे. तिच्या अलीकडं पिच हा लहरीचा आकार असतो, पलीकडं ती चाल होते. कालांकाचा आकडा फिरवत त्या सीमेवर रेंगाळणं हे या वाद्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. साठ-सत्तरच्या घरात एक जागा अशी येते की ठोका आघातही वाटतो आणि किंचित बोलतोही. चांगल्या किक पुष्कळदा तिथंच राहतात.

यामागं चामड्याचं भौतिकशास्त्र आहे, नुसता चतुरपणा नाही. कातडं जोरानं मारलं की आत दबतं, दबलं की ताणलं जातं, ताण वाढला की स्वर चढतो. कंप लहान होत गेले की ताण मूळ जागी येतो आणि स्वरही उतरतो. म्हणजे खऱ्या ड्रममध्येही प्रत्येक जोरकस ठोका किंचित वरून सुरू होऊन खाली येतोच. खऱ्या ड्रममध्ये हा उतार थोडका, इथं तीन सप्तकांचा. म्हणजे हे चामड्याचं अर्कचित्र झालं. पण अर्कचित्रात नाक ओळखू येतं ते मूळ नाक तसं असतं म्हणूनच. मायक्रोटॉनिकमध्ये ठोक्याच्या जोराला मॉड्युलेशनशी जोडणारा वेगळा खटका आहे, आणि तो ठेवण्यात मला लिडस्ट्रॉम यांचा कान दिसतो. हलका ठोका मऊ आणि सरळ, जोराचा ठोका वरून कोसळणारा. नुसता आवाज लहानमोठा करून हा फरक येत नाही. आवाजाच्या पट्टीला जोर जोडून समाधान मानणारी वाद्यं बरीच आहेत, आणि ती सगळी थोडी झोपाळू वाजतात.

साइनची गादी या वाद्याला वारशानं मिळाली आहे. रोलँडच्या टीआर-८०८मध्ये, १९८० ते ८३च्या त्या यंत्रात, बेस ड्रमसाठी रूढ अर्थानं ऑसिलेटर नव्हताच. ‘ब्रिज्ड-टी’ नावाच्या सर्किटला एक विजेचा टोला द्यायचा, की ते पन्नास हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमत राहायचं आणि विरायचं. विरताना जी लहर निघायची ती जवळपास साइन. २०१४ साली वर्नर, एबेल आणि स्मिथ या तिघांनी त्या सर्किटचं घटक-घटक विश्लेषण करून त्याचं सॉफ्टवेअर रूप मांडलं. टोला पडल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत सर्किटची स्वतःचीच वारंवारता वर चढलेली असते, आणि शेपटीतही स्वर अगदी बारीक सरकत राहतो, हे त्यात सविस्तर आलं आहे. लोकांनी ज्या आवाजाला चाळीस वर्षं ‘गोल’ म्हटलं, तो गोल नव्हता. सुरुवातीला चिमटलेला होता. १९८३च्या टीआर-९०९नं वेगळी वाट धरली. तिथं खरा ऑसिलेटर आहे, पण तो त्रिकोणी लहर काढतो, आणि डायोडची जोडी तिची टोकं घासून तिला साइनच्या जवळ नेते. जवळच, पूर्ण नाही. त्या राहून गेलेल्या अंतरात नऊशेनऊची धार आहे असं मला वाटतं. लहर ‘घडवणं’ म्हणजे काय याचं याहून नेटकं उदाहरण मला ठाऊक नाही.

आठशेआठचं नाव निघालं की मुंबईचा विषय टाळता येत नाही. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ रेकॉर्ड केली ती आठशेआठ, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन. तिकडच्या जाणकारांना ती सापडायला वीसेक वर्षं लागली, आणि मग सगळा गवगवा तीनशेतीनच्या सळसळत्या बेसचा झाला. मला त्यात ड्रमचा निर्विकारपणा जास्त आवडतो. वर राग उलगडत असतो आणि खाली तो विजेचा ठोका आपला एका चालीनं चाललेला असतो, कुणाचीही साथ न करता. असो.

त्रिकोण. चित्रात तो साइनपेक्षा बराच उग्र दिसतो, ऐकायला मात्र भाऊच. त्याच्यात विषम स्वरांशच असतात आणि ते फार झपाट्यानं बारीक होतात: तिसरा मूळच्या एक नवमांश, पाचवा एक पंचविसांश. तिसरा स्वरांश म्हणजे मूळ स्वरापेक्षा एकोणीस डेसिबल खाली. किकमध्ये एवढासा फरक लागतो कुठं, असं वाटेल. लागतो, आणि तो मोबाइलच्या स्पीकरवर लागतो. पन्नास हर्ट्झ त्या इवल्या पडद्यातून निघतच नाहीत. साइनची किक तिथं अर्धी गायब होते, सुरुवातीची टकटक तेवढी उरते. त्रिकोणाचा तिसरा स्वरांश दीडशे हर्ट्झवर असतो, आणि तो निदान हजेरी लावून जातो. टॉमसाठीही त्रिकोण मला साइनहून उजवा वाटतो. शंभर-दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यात त्या जादा स्वरांशांनी आवाजाला एक लाकडी कडा येते, जणू खोडाचा जाडपणा.

सॉ हा तिघांतला वात्रट. त्याच्यात सगळे स्वरांश, सम आणि विषम, आणि ते सावकाश उतरतात: अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश. पन्नास हर्ट्झवर सॉ लावला तर ठोका न होता गुरगुर होते. त्यातून मायक्रोटॉनिकच्या ऑसिलेटरला स्वतःचा फिल्टर नाही. फिल्टर आहे तो पलीकडच्या नॉइजला. म्हणजे सॉचे दात घासायची सोय नाही, तो उघडाच वापरायचा. त्यामुळं बहुतेक जण त्याच्या वाट्याला जात नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं चुकतं. डिके पंधरा-वीस मिलिसेकंदांवर आणा, वारंवारता हजारच्या वर न्या, वरून झटक्यात पडणारा पिच द्या. रिमशॉट, काठी, टिपरी अशा सगळ्या कोरड्या आवाजांचं मूळ हाती येतं. इतक्या थोड्या वेळात सॉची गुरगुर जमायलाच फुरसत मिळत नाही, उरते ती नुसती धार.

मात्र वर नेलेल्या सॉला सॉफ्टवेअरमध्ये एक जुनं दुखणं आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, आणि जे मावत नाही ते गुपचूप नाहीसं होत नाही, दुमडून खाली येतं. दोन हजार हर्ट्झचा सॉ गणिती शुद्धतेनं, दात अगदी कोरीव ठेवून काढला, तर त्याचा बारावा स्वरांश चोवीस हजारांवर पडायला हवा. तो वळून २०,१०० वर येतो. तिथं त्याला कोण विचारतं! पण विसावा स्वरांश चाळीस हजारांवर, तो दुमडून ४,१०० वर उतरतो, आणि ते ठिकाण कानाच्या भर वस्तीतलं. दोन हजारांच्या कुठल्याच पटीत न बसणारा हा आगंतुक. वरून पिच घसरत असला तर मूळ स्वर खाली येताना हे दुमडलेले स्वर उलटे वर चढतात, आणि ठोक्याच्या कडेला एक काचेरी चीत्कार लागतो. यावरचा उपाय म्हणजे कोपरे मुद्दाम गोलवणं, उडीच्या जागी लहरीला नेमकं तेवढं वळण देणं की वरचे स्वरांश जन्मालाच येऊ नयेत. चित्रात कोरीव दिसणारा दात प्रत्यक्षात घासलेला असतो तो असा. गंमत म्हणजे ड्रममध्ये हा दोष थोडा राहिला तर कित्येकांना हवाच असतो. धातूच्या आवाजांना बेसूर सोबत चालते.

धातूकडंच वळायचं तर पुन्हा आठशेआठपासून सुरुवात करावी लागते. तिथं हाय-हॅट आणि झांजेसाठी सहा चौकोनी लहरी एकदम चालू असत, मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या. त्यांतल्या दोन, ५४० आणि ८०० हर्ट्झच्या, मिळून ती सुप्रसिद्ध काउबेल होते. सहा लहरींची गर्दी गाळून घेतली की कान एकेकीला ओळखू शकत नाही आणि ‘झांज’ म्हणून मोकळा होतो. मायक्रोटॉनिककडं प्रत्येक ड्रममागं एकच ऑसिलेटर. मग गर्दी आणायची कुठून? इथं पिच मॉड्युलेशनचे उरलेले दोन प्रकार कामी येतात. एकात पिच साइनच्या चालीनं वरखाली होतो, दुसऱ्यात नॉइजच्या मर्जीनं. साइनचा वेग सेकंदाला पाच-सहा वेळा असला तर तो कंप वाटतो. तोच शेकड्यांत नेला की कंप वाटेनासा होतो आणि मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना नवे स्वर उगवतात. हे एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९६७ साली हे हेरलं आणि १९७३ साली निबंधातून मांडलं. त्यातली घंटा मूळ लहर आणि तिला हलवणारी लहर यांच्या एकास एक पूर्णांक चार दशांश या नात्यावर बेतलेली आहे. ते नातं साध्या पूर्णांकांत बसत नाही, म्हणून बाजूचे स्वरही मेळात बसत नाहीत, आणि आवाज धातूचा होतो. मायक्रोटॉनिकमध्ये ते दोन आकडे हातानं बसवायचे, बोटानं अंदाज घेत. दोन बोडक्या साइन एकीनं दुसरीला हलवायला बसल्या की काउबेलचा चुलतभाऊ तयार. नॉइजवाला प्रकार त्याहून रांगडा. पिचच जागा सोडून सैरावैरा पळत राहतो, आणि लहर साइन आहे हे ओळखायला काही खूण उरत नाही. हॅटसाठी हा मला फिल्टर केलेल्या नॉइजपेक्षा बरा वाटतो. त्याला अंगकाठी असते; कुठल्यातरी स्वराच्या अवतीभवतीच तो पळतो.

नॉइजच्या बाजूवर फार रेंगाळत नाही. हाय-पास, बँड-पास, लो-पास, रुंदीला स्टिरिओ, आणि एन्व्हलपचे, म्हणजे आवाजाच्या चढउताराचे, तीन प्रकार. त्यांतला तिसरा टाळीसाठी: नॉइजचे तीन-चार झटपट थर एकापाठोपाठ, जशी एकत्र वाजवायला बसलेल्या माणसांची टाळी कधीच एकत्र पडत नाही. आठशेआठच्या टाळीचीच ही युक्ती, फक्त पडदा नवा.

खरी किमया आहे ती पुढच्या वळणावर, जिथं ऑसिलेटर आणि नॉइज एकत्र येतात आणि दोघं मिळून एकाच डिस्टॉर्शनमधून जातात. डिस्टॉर्शन ही शेवटी चव आणणारी फोडणी, असं समजलं जातं. मी त्याला लहरीचा चौथा प्रकार समजतो. साइन जोरात आत ढकलली की तिची शिखरं चपटी होतात आणि विषम स्वरांश उगवतात. शिखरं दोन्हीकडं सारखी चेपली गेली की लहर चौकोनाकडं झुकते. पण ठोका विरत असतो! जोर कमी होत जातो तशी शिखरं छताखाली येतात, चेपणं थांबतं आणि लहर पुन्हा स्वच्छ साइन होते. एका ठोक्यात लहर चौकोनी जन्मते, हळूहळू गोल होते आणि साइन म्हणून विझते. कोठारात ठेवलेल्या शेकडो लहरींतली एखादी निवडली असती तर ती शेवटपर्यंत तशीच राहिली असती, किंवा तिला बदलायला आणखी दोन एन्व्हलप लावावी लागली असती. इथं आवाजाचा उतारच लहरीला आकार देतो. खऱ्या वाद्यांतही जोर आणि रंग असेच एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून कानाला हे पटकन पटतं.

स्नेअरमध्ये याची पुढची पायरी ऐकायला मिळते. एकशे ऐंशी हर्ट्झची साइन, थोडा झोल, त्यावर बँड-पास नॉइज. डिस्टॉर्शन शून्यावर असताना दोन आवाज शेजारी शेजारी उभे असतात, टकमक बघत: एक टॉम, एक शिट्टी विसरलेला कुकर. आता डिस्टॉर्शन चढवा. साइन शिखरावर असते तेव्हा छत भरलेलं असतं, वर बसलेल्या नॉइजला हलायला जागा नसते, तो दबतो. साइन शून्याजवळून जाते तेव्हा नॉइज मोकळा सुटतो. शिखर आणि दरी मिळून एका आवर्तनात दोनदा दबणं, दोनदा सुटणं. म्हणजे नॉइज आता सेकंदाला तीनशेसाठ वेळा खरखरतो, आणि ती खरखर ऑसिलेटरच्या तालावर आहे. खऱ्या स्नेअरमध्ये खालच्या कातड्याला लागून ताणलेल्या तारा असतात, कातडं हललं की त्या आपटतात. त्यांचा खरखराट कातड्याच्या हालचालीला बांधलेला असतो. कातडं आणि तार यांचं ते नातं इथं फुकट मिळालं, तारांचं गणित न करता. ऑसिलेटर आणि नॉइज यांना वेगवेगळं डिस्टॉर्शन देण्याची ‘सोय’ केली असती तर हे निसटलं असतं. मिक्सची पट्टी आधी आणि डिस्टॉर्शन मागून हा क्रम म्हणून मला फार मोलाचा वाटतो. नव्यानं शिकणारे बहुधा पट्टी मधे ठेवतात. ती ऑसिलेटरकडं सरकवा, नॉइज कमी करा आणि डिस्टॉर्शन वाढवा. खरखर कमी होत नाही, उलट दाणेदार होते.

आपल्याकडच्या माणसाच्या हातात असं यंत्र आलं की तो लवकर किंवा उशिरा तबल्याच्या वाटेला जाणारच. डग्गा चांगला निघतो. मॉड्युलेशनची मात्रा ऋण केली की पिच खालून वर येतो. सत्तर-ऐंशी हर्ट्झवर साइन, चार-पाच सेमिटोन खालून, उतार पाऊणशे मिलिसेकंदांच्या पुढं, आणि मनगटाच्या रेट्यानं स्वर वर सरकवणारा घिस्सा ओळखू येतो. इथं सीमेच्या पलीकडं जाणंच हवं असतं. ‘गे’मधली ती चढण चाल म्हणूनच ऐकू यायला हवी. डिस्टॉर्शन अगदी थोडं, घुमाऱ्याला भरावापुरतं. हाताच्या तळव्याचा स्पर्श म्हणून लो-पास नॉइजचा एक लहानसा ठिपका. ढोलकीच्या धुमाशीही असाच बऱ्यापैकी सलोखा होतो.

उजवा हात मात्र दाद देत नाही. साध्या गोल कातड्याचे कंप एकमेकांशी पूर्णांकांत नसतात: एक, १.५९, २.१४, २.३० अशी ती ओळ जाते, आणि म्हणून नुसतं ताणलेलं कातडं स्वरात बोलत नाही, धडधडतं. तबल्याची शाई ही ओळ सुधारते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२०च्या ‘नेचर’मध्ये आणि पुढं १९३४ साली सविस्तर हे दाखवलं, की शाईच्या भारामुळं पहिले नऊ कंपप्रकार पाच मेळदार स्वरांशांत येऊन बसतात. मग ‘ना’ला लागतात सम आणि विषम दोन्ही स्वरांश. साइनकडं एकही नाही. त्रिकोणाकडं सम नाहीत, त्यामुळं तो पोकळ, बांबूसारखा वाजतो. सॉकडं सगळे आहेत, पण ते सगळे एका दोरीला बांधलेले. एकाच डिकेवर एकदम मरतात. किनारीवरच्या ‘ना’त वरचे स्वरांश आणि खालचे वेगवेगळ्या चालीनं विरतात, आणि त्या वेगवेगळ्या विरण्यातच बोट कुठं पडलं ते कळतं. फिल्टर नसलेल्या एका ऑसिलेटरला हे सांगता येत नाही. तीन चॅनेल एकदम वाजवून, तिन्हींत साइन लावून, स्वर एकमेकांच्या पटीत आणि डिके निरनिराळे ठेवून थोडं जवळ जाता येतं. पण मग प्रत्येक चॅनेलचं डिस्टॉर्शन वेगळं राहतं, तिघं एकाच छताखाली दबत नाहीत, आणि तीन ठोके तीनच ऐकू येतात. तेवढ्यापुरता मी मायक्रोटॉनिक बंद करतो आणि दुसरं काहीतरी उघडतो.